यवतेश्वर चढलात, पण उतरायचा सराव कधी केलात?

पत्र: मी सांगलीचा, वय ४३, बँकेत नोकरी. चार वर्षं धावतोय. सपाट रस्त्यावरच्या दोन हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) २ तास ५ मिनिटांच्या आसपास पूर्ण केल्या आहेत. गेल्या सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावलो. सराव आमराईत आणि मिरज रोडवर, रविवारी १८-२० किलोमीटर. चढासाठी महिनाभर जिममधल्या ट्रेडमिलवर ५ टक्के चढ लावून धावलो. यवतेश्वरचा घाट छान चढलो. परतीच्या वळणाला घड्याळात १ तास ८ मिनिटं होती, चढ साधारण चारशे मीटर दिसत होता. वाटलं, आता काय, उतारच आहे. चौदाव्या किलोमीटरला मांड्या थरथरायला लागल्या, सतराव्याला पेटके आले, शेवटचे चार किलोमीटर बहुतेक चालतच आलो. एकूण २ तास ३९ मिनिटं लागली. पोटात ढवळत होतं. सोबत पाव लिटरच्या बाटलीत ओआरएसची अख्खी पुडी होती, शिवाय ताकदीसाठी साखरेचे तीन जेल घेतले. दोन नखं काळी पडली, चार दिवस जिना उतरता आला नाही. यंदा पुन्हा नाव नोंदवलंय, बारा आठवडे हातात आहेत. घरचे म्हणतात, गुडघे घालवून बसशील. मित्र म्हणतात, मीठ कमी पडलं. सुटायच्या आधी एक वेदनाशामक गोळी घे आणि नी-कॅप घाल. काय करू?

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या १ तास ८ मिनिटांपासूनच सुरुवात करू. सपाटीवर तुमचा हाफ मॅरेथॉनचा वेग किलोमीटरला ५ मिनिटं ५५ सेकंदांच्या आसपास येतो. साडेदहा किलोमीटरमध्ये चारशे मीटर चढ म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की जवळजवळ चार मीटर वर. एवढ्या चढावर तोच वेग ठेवायचा तर शरीराला सपाटीपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त काम पडतं. म्हणजे सपाटीवरच्याच दमात चढायचं असतं तर तुमचा वेग किलोमीटरला सात-सव्वासात मिनिटं हवा होता आणि परतीचं वळण १ तास १५ ते १७ मिनिटांनी यायला हवं होतं. तुम्ही सात-आठ मिनिटं आधी पोहोचलात. ती मिनिटं उसनी होती. उतार तासाभरात उरकला असता. त्याला दीड तास लागला. सात मिनिटांची उसनवारी व्याजासकट अर्धा तास होऊन फिटली.

तरीही सगळा दोष त्या सात मिनिटांवर टाकता येत नाही. वळणाला तुम्ही १ तास १६ मिनिटांनी पोहोचला असता तरी मांड्या गेल्याच असत्या, फक्त दोन-तीन किलोमीटर उशिरा. कारण तुमच्या पत्रातच आहे. आमराई सपाट, मिरज रोड सपाट आणि ट्रेडमिल फक्त चढवतो, उतरवत नाही. साडेदहा किलोमीटर उतार धावायची पाळी तुमच्या पायांवर पहिल्यांदा आली ती थेट शर्यतीतच. साताऱ्याला पहिल्यांदा येणारे बहुतेक जण इथेच चुकतात. सगळी भीती घाटाची असते, म्हणून सगळी तयारी चढायची होते.

उतारावर नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचा सराव पटेल. पाऊल टेकलं की गुडघा वाकतो आणि मांडीचा पुढचा मोठा स्नायू शरीराचं खाली येणारं वजन अडवतो. हे अडवताना तो आखडत नसतो, लांबत असतो. भरलेली घागर माळ्यावरून सावकाश खाली घेताना दंडाला जे होतं, तेच. या कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून दम लागत नाही, नाडी खाली येते आणि आपण विश्रांती घेतोय असं वाटतं. प्रत्यक्षात स्नायूचे बारीक तंतू दर पावलाला थोडे थोडे फाटत असतात. मिनिटाला १७० पावलं आणि तासभर उतार धरला तर एकेका पायावर पाच हजारांहून जास्त वेळा ही घागर उतरवावी लागते. दुखणं मात्र त्या क्षणी कळत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं आणि तुमचा जिना अडतो.

यातली चांगली गोष्ट अशी की स्नायू हा मार लक्षात ठेवतो. उताराचा एकच बेताचा सराव झाला तरी पुढच्या वेळी त्याच उताराने होणारी इजा आणि दुखणं बरंच कमी होतं, आणि हा परिणाम काही आठवडे टिकतो. म्हणून उताराचा सराव रोज लागत नाही. आठ-दहा दिवसांतून एकदा पुरतो, आणि शेवटचा जोरदार सराव शर्यतीच्या अडीच-तीन आठवडे आधी झाला पाहिजे, म्हणजे झीज भरून निघते आणि संरक्षण उरतं. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात घाट बघून येऊ म्हणून यवतेश्वर धावून येणाऱ्यांना हेच नडतं. ते दुखऱ्या मांड्या घेऊन सुटतात.

सांगलीत चढ नाही ही तुमची खरी अडचण आहे, पण तिच्यावर उपाय आहे. दोन जागा धरा. एक म्हणजे जवळचा रेल्वे उड्डाणपूल. पहाटे वर्दळ सुरू होण्याआधी जायचं, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने धावायचं, अंगात चमकणारं जॅकेट हवंच. दुसरी म्हणजे दंडोबाचा डोंगर. तिथे दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी गेलात तरी पुरे.

पहिले दोन आठवडे पुलाच्या उतारावर ३०० मीटर, चार वेळा. वेग तुमच्या रोजच्या सावकाश धावण्याचाच. वर जाताना चालत जा. हा सराव इतका कमी वाटेल की वाढवायचा मोह होईल. वाढवू नका, पहिल्या वेळेला दुखणं याच्यापेक्षा दुपटीने येतं. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात ४०० ते ५०० मीटर, सहा वेळा. पूल एवढा लांब नसेल तर फेऱ्या वाढवा. याच काळात एकदा दंडोबाला जा: पायथ्याच्या सपाट रस्त्यावर ६ किलोमीटर, मग वर चालत-धावत, आणि खाली येताना सलग धावत. सातव्या ते नवव्या आठवड्यात दंडोबा दोनदा, एकूण १४ ते १६ किलोमीटर, आणि उतार शेवटी येईल अशी आखणी. दमलेल्या पायांनी उतरायची सवय यातूनच लागते. मोठा पल्ला १८-२० किलोमीटरचा, तो शर्यतीच्या तीन आठवडे आधी. दहाव्या आठवड्यापासून जोरदार उतार बंद. अकराव्यात पुलावर २०० मीटरच्या चार हलक्या खेपा, बाराव्यात काहीच नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत एकूण किलोमीटर निम्म्यावर आणा.

प्रत्येक वेळी एकच कसोटी लावा. उताराच्या सरावानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना मांडी धरून उतरावं लागत असेल, तर पुढच्या खेपेला तेवढाच सराव पुन्हा करा, वाढ नाही. जिना मोकळा उतरता आला तर पुढची पायरी.

जून ते ऑगस्ट हा पावसाळा आहे आणि कृष्णा चढली की सांगलीत धावायच्या कितीतरी जागा आठवडाभर बंद पडतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांसाठी बँकेचा किंवा इमारतीचा जिना ठेवा. वर जाताना सहज चाला; काम उतरतानाचं आहे. चार मजले, सहा ते आठ वेळा. पाऊल टेकल्याचा आवाज होता कामा नये. धप्प आवाज आला म्हणजे शेवटचे दोन-तीन इंच वजन स्नायूने धरलं नाही, सोडून दिलं. आवाज यायला लागला की सराव थांबवा, त्या दिवसाचा स्नायू संपला.

जिन्याच्याच पायरीवर आठवड्यातून दोनदा एक व्यायाम करा. सगळे व्यायाम सोडावे लागले तरी हा सोडू नका. सात-आठ इंच उंचीच्या पायरीवर एका पायावर उभं राहा, दुसरा पाय समोर हवेत. उभ्या पायाचा गुडघा वाकवत मनात एक-दोन-तीन मोजत दुसऱ्या पायाची टाच खालच्या जमिनीला नुसती शिवेपर्यंत खाली या, वजन टाकू नका, आणि वर जा. खाली येताना गुडघ्याकडे बघा. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आत, अंगठ्याकडे पडत असेल तर पायरी बुटकी घ्या, वीट किंवा जाड पुस्तकांची चवड चालेल. एका पायावर ८, मग दुसऱ्यावर ८, असे तीन फेरे. सहा आठवड्यांनी हातात दोन-दोन किलोचं वजन. याच्या जोडीला गुडघा थोडा वाकवून टाचा उचलायच्या, १५ वेळा, तीन फेरे. चढावर पोटरीला आणि टाचेमागच्या शिरेला जो ताण येतो, त्यासाठी तो.

आता गुडघ्यांबद्दल, कारण घरच्यांची काळजी रास्त आहे. तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे मांड्या थरथरणं, पेटके येणं, चार दिवस जिना उतरता न येणं, हा स्नायूचा थकवा आहे. त्यात सांध्याला इजा झाल्याची एकही खूण नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एकाच जागी टोचणं, वाटीच्या भोवती बसल्यावरही दुखत राहणं, सूज येणं किंवा गुडघा अडकणं यांपैकी काही सरावात आलं तर मात्र थांबा आणि खेळाडूंवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टना दाखवा, शर्यतीची तारीख जवळ असली तरी. नी-कॅप यातलं काहीच थोपवत नाही. ती ना वजन अडवते, ना मांडीला जोर देते. पावसात भिजली की मात्र घोट्याकडे घसरते आणि गुडघ्यामागची कातडी सोलवटते. घालू नका.

वेदनाशामक गोळीला ठाम नकार. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. लांब धावताना घामाने आणि स्नायूंच्या मागणीने तो आधीच कमी झालेला असतो. वर स्नायूंच्या झिजेतून सुटलेली प्रथिनं गाळायचं काम मूत्रपिंडावर येऊन पडतं. पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका वेगळाच. आणि ज्या दुखण्याने तुम्हाला वेग कमी करायला सांगितलं असतं, तेच दुखणं गोळीने झाकलं जातं. मित्रांनी हा सल्ला प्रेमापोटी दिला असेल, पण तो धोकादायक आहे. शर्यतीआधी नाही, शर्यतीत नाही, आणि नंतरही लघवी नेहमीसारखी होऊन खाणंपिणं सुरळीत होईपर्यंत नाही.

चाळिशी ओलांडली आहे, तेव्हा या निमित्ताने रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्या. वडील किंवा भाऊ यांना कमी वयात हृदयविकार झाला असेल, धावताना छातीत जडपणा किंवा चक्कर कधी आली असेल, तर स्ट्रेस टेस्टबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा.

मिठाचं गणित तुमच्या मित्रांना वाटतं तसं नाही. आपल्या जेवणात, भाजी-आमटी-लोणच्यात, मीठ भरपूर असतं आणि अडीच तासांत ते संपत नाही. तुमचे पेटके फक्त ज्यांनी मार खाल्ला त्याच स्नायूंत आले. मीठ कमी पडून आले असते तर बहुधा हाता-पोटातही आले असते. फार दमलेल्या स्नायूला आखडायचे आणि सैल व्हायचे इशारे नीट मिळेनासे होतात, तो आखडलेलाच राहतो. तसं पुन्हा झालं तर लगेच रस्त्याच्या कडेला व्हा. मांडीला पेटका असेल तर मागे घोटा धरून टाच कुल्ल्याकडे ओढा, पोटरीला असेल तर पायाची बोटं स्वतःकडे खेचा. वीस-तीस सेकंद ओढ धरा, मिनिटभर चाला, मग नेहमीपेक्षा आखूड पावलांनी सुरुवात करा. झटके देऊ नका.

पोट मात्र तुम्हीच बिघडवलंत. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती पाव लिटरमध्ये विरघळवली की पाणी चौपट दाट होतं. असं दाट पाणी पोटात गेलं की आतड्यातून शरीरात पाणी शोषलं जाण्याऐवजी शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. त्यावर तीन जेल म्हणजे आणखी साखर. ढवळणार नाही तर काय? २०० मिलीलिटरसाठीच्या लहान पुड्याही मिळतात, पण काय घेताय ते पुडीवर वाचून घ्या. साताऱ्याच्या गारव्यात तुम्हाला बाटली वागवायची गरजच नाही. वाटेतल्या पाण्याच्या टेबलांवर तहानेप्रमाणे, एका वेळी १०० ते १५० मिलीलिटर प्या. तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पुरतं. तहान नसताना दर टेबलाला ग्लासभर पिणंही वाईट. रक्तातलं सोडियम पातळ होऊन गरगरतं, डोकं दुखतं, आणि क्वचित जिवावर बेततं. जेल दोनच: पहिला ४० ते ४५ मिनिटांनी, दुसरा परतीच्या वळणाच्या आसपास, दोन्ही साध्या पाण्याबरोबर, कधीही ओआरएस किंवा सरबताबरोबर नाही. ज्या चवीचा जेल घेणार तोच रविवारच्या लांब पल्ल्यात तीनदा तरी घेऊन बघा.

नखं काळी पडली ती बूट लहान होता म्हणूनच असं नाही. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि हजारो वेळा बोटं पुढच्या टोकाला आपटतात. उभं राहून सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा आहे का बघा. नसेल तर अर्धा नंबर मोठा घ्या, आणि तो संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घालून बघा. असेल तर लेस बांधायची पद्धत बदला. तुमच्या बुटाला घोट्याजवळ, बाकीच्या छिद्रांच्या जरा मागे, एक जादा छिद्र दिसेल. बहुतेकांनी ते कधी वापरलेलं नसतं. नेहमीच्या शेवटच्या छिद्रातून लेस बाहेर आली की ती समोर न नेता त्याच बाजूच्या त्या जादा छिद्रात बाहेरून आत घाला. एक छोटा फास तयार होतो. दोन्ही बाजूंना असे फास झाले की डावी लेस उजव्या फासातून आणि उजवी डाव्या फासातून ओढून घ्या, लेस खाली आणि मागे, टाचेच्या दिशेने खेचा, मग गाठ. टाच बुटाच्या मागच्या भिंतीला घट्ट बसते आणि बोटं मोकळी राहतात. गाठ दुहेरी मारा. ओली लेस सुटते. नखं शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापा, आदल्या रात्री नाही. मोजे सुती नकोत. बूट नवे असतील तर किमान ६०-७० किलोमीटर वापरलेले हवेत, आणि त्यातले काही किलोमीटर पावसातले. ओला बूट वेगळीकडे घासतो. घरी आल्यावर आतला तळवा काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. उन्हाची किंवा हीटरची वाट बघू नका.

आता शर्यतीचा दिवस. ही शर्यत २०१२ पासून होते आणि २०१५ मध्ये एकाच डोंगरावर सर्वांत जास्त लोक धावण्याची गिनीज नोंद, २,६१८ धावपटू, तिच्या नावावर झाली. तेव्हा गर्दी गृहीत धरा. आदल्या दिवशी बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला गेलात की फार उभे राहू नका. प्रदर्शनात दोन तास हिंडून पाय थकवणारे दरवर्षी दिसतात. संध्याकाळचं जेवण साडेसात-आठला, वरण-भात, पोळी, साधी भाजी. साताऱ्याला आलोय म्हणून झणझणीत रस्सा आणि तळणी नको. कंदी पेढे दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. सकाळी सुटण्याच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा दोन-तीन ब्रेडला जॅम आणि एक केळं. चहा रोज घेत असाल तर घ्या. शेंगदाणे आणि जास्त तेल टाळा. ते पोटात रेंगाळतात.

सप्टेंबरात धुकं, भुरभुर आणि ओला रस्ता धरूनच चला. गारवा असतो, पण हवेत दमटपणा इतका की घाम सुकत नाही. मांड्यांच्या आत, काखेत, पट्ट्याखाली व्हॅसलीन भरपूर लावा, स्तनाग्रांवर मायक्रोपोरची चिकटपट्टी. सुटण्याआधीच्या तासासाठी मोठी कचऱ्याची पिशवी तीन भोकं पाडून अंगावर घाला, शेवटच्या मिनिटाला काढून कचऱ्यात टाका.

सुटल्यावरचे पहिले दोन-अडीच किलोमीटर सगळ्यात फसवे. सातारकर दारात, चौकात उभे असतात, ढोल-लेझीम असते, शाळेची पोरं हात पुढे करून टाळी मागतात, म्हाताऱ्या आजी हात जोडून उभ्या असतात. अशा वातावरणात माणूस नकळत किलोमीटरला वीस-तीस सेकंद वेगाने जातो. पोरांना टाळी जरूर द्या, पण घड्याळ ६:४० च्या खाली येऊ देऊ नका. गर्दीतून नागमोडी पुढे काढू नका, त्यात अंतरही वाढतं आणि दमही. समर्थ मंदिर मागे पडून घाट लागला की वेग बघणं सोडून द्या. एक पूर्ण वाक्य न धापता बोलता येतंय का, एवढंच तपासा. येत नसेल तर चाला. तीव्र वळणांवर अर्धा-एक मिनिट भरभर चालणं शरमेचं नाही. तुमच्या वेगाच्या माणसाला त्यात जेमतेम पंधरा-वीस सेकंदांचा तोटा होतो. पावलं आखूड, नजर आठ-दहा मीटर पुढे, कमरेत वाकू नका. घाट संपला की चढ संपला असं समजू नका. कासच्या रस्त्याला पुढे लहान-मोठे चढउतार चालूच राहतात आणि परतताना तेच उलट बाजूने भेटतात. घाटाच्या वळणांत घड्याळाचं अंतर चुकतं, म्हणून रस्त्यावरच्या पाट्या प्रमाण माना. परतीचं वळण १ तास १५ मिनिटांच्या आत आलं तर तुम्ही पुन्हा तीच चूक करताय. १ तास १६ ते १८ मिनिटं, आणि पायात जीव आहे असं वाटणं, हे हवं.

वळणानंतरचा पहिला किलोमीटर मुद्दाम आवरून घ्या. मग किलोमीटरला ५:४० ते ५:५० च्या आसपास राहा. उतारावर घाबरलेला माणूस मागे रेलतो, टाच पुढे आपटतो, प्रत्येक पाऊल ब्रेक होतं, आणि मांडी तिथेच संपते. अंग रस्त्याला काटकोनात, किंचित पुढे. पाऊल कमरेच्या खाली पडू द्या, पुढे फेकू नका. पावलं आखूड आणि भरभर, मिनिटाला १७५-१८०. हात थोडे बाहेर, तोल सांभाळायला. इथेही जिन्याचा कान वापरा: बुटाचा चटचट आवाज वाढला की पावलं लांबली आहेत. ओल्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यांवर आणि कडेच्या शेवाळावर पाय देऊ नका, पाण्याच्या टेबलांपुढे सांडलेले कागदी पेले असतात, तिथे चालत जा. रस्ता कडेला उतरता असतो. सगळा वेळ एकाच कडेने धावलात तर एक गुडघा जास्त मार खातो, म्हणून तुमच्या बाजूच्या रस्त्यात जिथे तो सपाट असेल तिथे राहा. उलट दिशेने चढणाऱ्यांच्या वाटेत मात्र जाऊ नका.

अशी शर्यत झाली तर २ तास १६ ते २० मिनिटं तुमच्या आवाक्यात आहेत. मागच्यापेक्षा वीस मिनिटं कमी, तेही घाट सावकाश चढून.

शेवटच्या रेषेनंतर लगेच बसू नका. दहा-पंधरा मिनिटं चाला, ओले कपडे आधी बदला, कारण भिजलेल्या अंगाला साताऱ्याचा वारा पटकन हुडहुडी भरवतो. अर्ध्या तासात खा: नाश्ता, केळं, दूध, जे पोटाला चालेल ते. त्या दिवशी जोरात मालीश करून घेऊ नका, फाटलेले तंतू आणखी दुखावतात. सांगलीला परतताना गाडी दुसऱ्या कोणी चालवावी, आणि कराडला उतरून दहा मिनिटं चाला. पुढच्या दोन दिवसांत लघवी कोलासारखी गडद झाली, फार कमी झाली, किंवा एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम लागली, तर वाट न बघता रुग्णालयात जा. नख काळं पडलंच तर टोचू नका. आतून ठणकत असेल तर डॉक्टरांकडून निचरा करून घ्या. पाच-सहा दिवस धावणं बंद, चालणं चालू, उतार दोन आठवडे नाही.

शर्यत झाली की परतीच्या वळणाची वेळ आणि शेवटची वेळ, दोन्ही लिहून कळवा. आणि तिसऱ्या दिवशी जिना कसा उतरलात तेही.